नावांची परीक्षा आणि गाण्याची पारख

विद्येची परीक्षा घ्यावी की न घ्यावी हा वाद जुना आहे, आणि परीक्षा मुळीच घेऊ नये असे म्हणणाऱ्यांच्या पक्षात आम्ही नाही. सराफाने सोने कसोटीवर घासून पाहिलेच पाहिजे. परंतु सोन्याचा कस पाहण्याऐवजी तो दागिन्याच्या डबीवरील पेढीचे नाव वाचू लागला, आणि नाव वाचता येते एवढ्यावरून स्वतःस पारखी म्हणवू लागला, तर त्याच्या दुकानाची पायरी न चढणेच शहाणपणाचे ठरेल. संगीताच्या प्रांतात अशा डबीवाचक पारख्यांचा अलीकडे सुळसुळाट झाला आहे. आणि १९९० ते १९९९ या दशकातील इंग्लंड-अमेरिकेचे रॉक संगीत हे तर त्यांचे विशेष आवडते क्षेत्र होऊन बसले आहे. 'या संगीताचे आणि त्याच्या कलावंतांचे तुमचे ज्ञान किती, ते अजमावून पाहा' असे आव्हान द्यावयाचे, पंचवीस-तीस प्रश्न पुढे टाकावयाचे, उत्तरांस गुण द्यावयाचे, आणि शेवटी उत्तर देणाऱ्याच्या हाती जाणकारपणाचे किंवा अडाणीपणाचे प्रशस्तिपत्र ठेवावयाचे, असा हा उद्योग आहे. तो निरुपद्रवी आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. ती समजूत खरी नाही, हे दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू.

हा विषय परदेशचा असला तरी आमच्या वाचकांस तो परका वाटेल असे नाही. १९९१ पासून उपग्रहवाहिन्या आपल्या दिवाणखान्यांत शिरल्या आणि त्यांच्याबरोबर हे संगीतही शिरले. मुंबईस रंगभवनात रॉकचे जलसे ऐकणारी त्या काळची तरुण मंडळी आज पन्नाशीच्या आसपास आली आहेत, आणि त्यांची मुले तीच गाणी पुन्हा आवडीने ऐकू लागली आहेत. अशा घरांत बापाने मुलाची किंवा मुलाने बापाची परीक्षा घेण्याचा प्रसंग येतो, आणि ती परीक्षा बहुधा याच ठरीव प्रश्नांची असते.

ते प्रश्न कोणत्या जातीचे असतात? 'नेव्हरमाइंड' ही ध्वनिमुद्रिका कोणत्या साली निघाली? उत्तर: १९९१. तिने जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या विक्रीच्या यादीतील पहिल्या स्थानावरून कोणास खाली ओढले? उत्तर: मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला. एका बास्केटबॉलपटूचे नाव प्रथम धारण करून पुढे ते टाकणारा बँड कोणता, आणि त्याच खेळाडूच्या सदऱ्यावरील आकड्यावरून त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेस कोणते नाव मिळाले? उत्तर: पर्ल जॅम, आणि 'टेन'. ही उत्तरे खोटी आहेत असे आम्ही म्हणत नाही. ती अक्षरशः खरी आहेत, आणि म्हणूनच भुरळ पाडतात. परंतु ज्याने निर्वानाचे एकही गाणे आयुष्यात ऐकले नाही असा मनुष्य एका दुपारी ही सर्व उत्तरे पाठ करून पैकीच्या पैकी गुण मिळवील. आणि ज्याने ती ध्वनिमुद्रिका शंभर वेळा ऐकली, तिच्यातील प्रत्येक चढउतार ज्याच्या अंगात भिनला, तो सालाच्या प्रश्नावर अडखळून अनुत्तीर्ण होईल. ज्या परीक्षेत बहिरा उत्तीर्ण होतो आणि श्रोता नापास होतो, तिला संगीताच्या ज्ञानाची परीक्षा म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

या पांडित्याचे पायच किती कच्चे असतात याचा एक दाखला त्या दशकाच्या आरंभीच घडून गेला आहे. सिॲटल शहरातील बँडांचा बोलबाला झाला तेव्हा वर्तमानपत्रांस त्या मंडळींच्या 'खास बोली'ची जिज्ञासा उत्पन्न झाली. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहराने पूर्वी तेथील सब पॉप या ध्वनिमुद्रण-संस्थेत काम केलेल्या मेगन जॅस्पर या बाईंकडे दूरध्वनीवरून त्या बोलीचे शब्द मागितले. अशी काही बोली अस्तित्वातच नव्हती. बाईंनी मनास येतील तसे शब्द जागच्या जागी बनवून सांगितले, आणि १५ नोव्हेंबर १९९२ च्या अंकात ते अर्थांसह छापून निघाले. पुढे 'द बॅफलर' या नियतकालिकाने ही फजिती चव्हाट्यावर आणली. आता कल्पना करावी की, मधल्या काळात कोणी त्या शब्दावलीवर परीक्षा घेतली असती. उत्तम स्मरणशक्तीच्या विद्यार्थ्याने सर्व अर्थ बिनचूक सांगितले असते, आणि सिॲटलच्या रस्त्यावर राहणाऱ्या गिटारवाल्यास शून्य गुण मिळाले असते! ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. बाहेरच्या माणसास आत आल्याचा भास विकणे हा त्या शब्दावलीचा धंदा होता. आजच्या प्रश्नावल्यांचाही तोच आहे. भेद इतकाच की, त्या वेळचे शब्द बनावट होते आणि आजची नावे खरी आहेत.

खरी नावेदेखील किती अन्याय करू शकतात ते पाहावयाचे असल्यास या परीक्षांतील सर्वांत लाडका प्रश्न घ्यावा. निर्वानाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याचे नाव कशावरून पडले? उत्तर असे की, कर्ट कोबेनची मैत्रीण कॅथलीन हॅना हिने त्याच्या घरातील भिंतीवर थट्टेने एक वाक्य लिहिले; त्यात 'टीन स्पिरिट' या नावाने विकल्या जाणाऱ्या, अंगास लावण्याच्या सुवासिक द्रव्याचा उल्लेख होता; आणि कोबेनला ते द्रव्याचे नाव आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याने त्यात बंडाचा अर्थ पाहिला. गोष्ट रंजक आहे. पण तीत कॅथलीन हॅना कोण म्हणून येते? भिंतीवर लिहिणारी एक मुलगी म्हणून. ती स्वतः बिकिनी किल या बँडची गायिका होती. १९९१ साली तिने आणि तिच्या सोबतिणींनी स्वतः छापलेल्या लहानशा पत्रिकेतून मुलींच्या संगीताचा जाहीरनामा काढला. जलशात पुरुषांच्या धक्काबुक्कीमुळे मागे रेटल्या जाणाऱ्या मुलींनी पुढे येऊन रंगमंचाशी उभे राहावे असा आग्रह ती धरीत असे, आणि त्यापायी शिवीगाळ व मारहाण यांस तोंड देत असे. हे सर्व प्रश्नावलीच्या बाहेर राहते. एका स्त्रीचे जीवितकार्य पुसून टाकून दुसऱ्याच्या गाण्याची तळटीप एवढीच तिची ओळख शिल्लक ठेवणाऱ्या ज्ञानास आम्ही अज्ञानाहूनही वाईट समजतो. अज्ञानी मनुष्य निदान पुढे केव्हातरी तिचे गाणे ऐकून चकित होण्यास मोकळा असतो. या ज्ञान्यास मात्र वाटते की, हॅना आपणास ठाऊक आहे.

याहून गंभीर प्रकार मृत्यूंचा. या दशकातील कोणते दोन गायक एकाच तारखेस वारले, असा एक प्रश्न मोठ्या दिमाखाने विचारला जातो. उत्तर: निर्वानाचा कर्ट कोबेन, ५ एप्रिल १९९४, आणि ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली, ५ एप्रिल २००२. उत्तर देणारा योगायोगावर मान डोलावतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण ही तारीख आली कोठून? कोबेनचा देह ८ एप्रिलला त्याच्या घरी आढळला. त्याने आत्महत्या केली तेव्हा त्याचे वय २७ होते. स्टेलीचा देह तर १९ एप्रिलला, म्हणजे मृत्यूनंतर सुमारे दोन आठवड्यांनी सापडला. अफूपासून होणाऱ्या हेरॉइनच्या आणि कोकेनच्या मात्रेने तो गेला होता. दोन्ही तारखा वैद्यकीय तपासणीतून काढलेले अंदाज होत. कारण त्या घटकेस त्यांच्याजवळ कोणीच नव्हते. परीक्षकास ज्या अचूक तारखेचा एवढा अभिमान, ती मुळात एका एकाकी मरणाच्या हिशेबातून निघालेली अनुमानाची तारीख आहे! १९९२ सालच्या 'डर्ट' या ध्वनिमुद्रिकेत स्टेलीने आपल्या व्यसनाचा पाढा इतक्या उघडपणे वाचला होता की, ऐकणाऱ्यास चुकण्याची सोयच नव्हती. ती ऐकून ज्याच्या मनास चटका बसला त्यास तारीख सांगता आली नाही तरी चालेल. ज्यास तारीख सांगता येते आणि तीत योगायोगापलीकडे काही दिसत नाही, त्यास मात्र या गायकाविषयी काही कळले आहे असे आम्ही मान्य करणार नाही.

गाण्याच्या अर्थाविषयीही हीच तऱ्हा. पर्ल जॅमच्या 'जेरेमी' या गाण्याच्या चित्रफितीस १९९३ साली एमटीव्हीचे वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रफितीचे पारितोषिक मिळाले. प्रश्नावलीत हे येते. टेक्सास राज्यातील रिचर्डसन येथे जानेवारी १९९१ मध्ये एका शाळकरी मुलाने वर्गात सर्वांदेखत स्वतःचा अंत करून घेतला, आणि ती बातमी वाचून एडी वेडरने हे गाणे लिहिले. वाहिनीच्या नियमांमुळे चित्रफितीतील शेवटचे दृश्य कापावे लागले. परिणाम असा झाला की, त्या मुलाने आपल्या सोबत्यांस मारले अशी अनेक प्रेक्षकांची समजूत झाली. उपेक्षेने मेलेला मुलगा लोकांच्या नजरेत खुनी ठरला! या गाण्याविषयी एकच प्रश्न विचारावयाचा असेल तर हा विचारावा: येथे कोण मेले, आणि तुम्हांस कोण मेल्यासारखे वाटले? पण पारितोषिकाचे साल विचारणे सोपे पडते.

क्रॅनबेरीज या आयरिश बँडच्या १९९४ सालच्या 'झॉम्बी'चे तसेच. गाणे कोणाचे, एवढे सर्वांस ठाऊक. परंतु इंग्लंडातील वॉरिंग्टन गावी २० मार्च १९९३ रोजी आयरिश रिपब्लिकन आर्मीने भर बाजारात कचऱ्याच्या पेट्यांत ठेवलेल्या बॉम्बनी तीन आणि बारा वर्षांची दोन मुले बळी घेतली, आणि आपल्या देशाच्या नावाने हे घडले याचा संताप डोलोरस ओरिऑर्डन हिने त्या गाण्यात ओतला, हे किती जण सांगतील? रेज अगेन्स्ट द मशीन यांच्या १९९२ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर ज्वाळांत बसलेला भिक्षू कोण, हाही एक ठरीव प्रश्न आहे. थिच क्वांग डुक हे नाव सांगितले की गुण मिळतो. सायगाव शहरात ११ जून १९६३ रोजी, दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने बौद्धांवर चालविलेल्या जुलमाच्या निषेधार्थ त्याने भर चौकात आत्मदाह केला, हे सांगण्याची गरज पडत नाही. मनुष्य जळून गेला. परीक्षकाच्या हाती एक विशेषनाम उरले.

आता कोणी विचारील की, असे होण्याचे कारण काय? परीक्षक दुष्ट असतात काय? मुळीच नाही. कारण असे की, ही परीक्षा ज्या मालाची आहे तो माल बाजाराने स्वतःच्या सोयीने बांधून दिलेला आहे. १४ ऑगस्ट १९९५ रोजी इंग्लंडात ब्लर आणि ओएसिस या दोन बँडांची गाणी एकाच दिवशी विक्रीस आली आणि वर्तमानपत्रांनी त्यास युद्धाचे स्वरूप दिले. ब्लरच्या गाण्याच्या २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओएसिसच्या २ लाख १६ हजार. ही दोन्ही गाणी त्या-त्या बँडच्या उत्तम गाण्यांत मोडत नाहीत असे पुष्कळ रसिकांचे मत आहे. तरी 'कोण जिंकले' हा प्रश्न आजतागायत विचारला जातो, आणि 'कोणते गाणे चांगले' हा विचारला जात नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका मालकाकडे देशभर किती नभोवाणी केंद्रे असावीत यावरील चाळीसची मर्यादा उठविली, आणि काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनेल कंपनीच्या ताब्यात बाराशेहून अधिक केंद्रे गेली. इतक्या थोड्या हातांतून निघालेल्या याद्यांतील गाणी वर्षानुवर्षे कानांवर आदळत राहिली म्हणजे तीच त्या दशकाचे संगीत ठरतात. परीक्षा होते ती रसिकाच्या स्मृतीची नव्हे. मालकांच्या यादीची उजळणी होते.

या बाजाराविषयी खुद्द कलावंतांनी जे सांगितले व केले तेही प्रश्नावलीत शोधून सापडावयाचे नाही. निर्वानाची १९९३ सालची 'इन यूटेरो' ध्वनिमुद्रित करणारा स्टीव्ह अल्बिनी याने विक्रीवरील हिस्सा घेण्याचे साफ नाकारले. नळ दुरुस्त करणारा कारागीर जशी कामाची मजुरी घेतो तशी आपण घेऊ, पुढच्या कमाईवर आपला हक्क नाही, असे त्याने बँडला पत्राने कळविले. विक्रीचा हिस्सा म्हणजे लाखो डॉलर, हे तो पुरतेपणी जाणून होता. त्याच वर्षी त्याने 'द बॅफलर'मध्ये एका काल्पनिक बँडचा जमाखर्च मांडून दाखविला: धंद्यातील इतर मंडळींची प्राप्ती ३० लाख डॉलरहून अधिक, आणि मानधनाच्या खात्यात बँडच्या नावे उलट १४ हजारांचे देणे! अल्बिनी २०२४ मध्ये वारला; हा जमाखर्च मात्र आजही विचार करावयास लावतो.

पर्ल जॅमचा लढा याहून प्रसिद्ध. तिकिटाची किंमत २० डॉलरांच्या आत राहावी, सामान्य तरुणास ती परवडावी, या हट्टापायी त्या बँडने १९९४ साली टिकेटमास्टर या तिकीटविक्रीच्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार केली; ३० जून १९९४ रोजी स्टोन गॉसार्ड आणि जेफ ॲमेंट हे त्याचे दोन वादक प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षीस बसले. १९९५ च्या जुलैत न्यायखात्याने चौकशी बंद केली. पुढे २०१० मध्ये ती कंपनी जलसे भरविणाऱ्या लाइव्ह नेशनमध्ये विलीन झाली, आणि २०२४ मध्ये त्याच न्यायखात्यास मक्तेदारीच्या आरोपाखाली त्या संयुक्त कंपनीवर दावा लावावा लागला. तीस वर्षांपूर्वी गिटार वाजविणाऱ्या दोन तरुणांस जे दिसले ते राज्यकर्त्यांस दिसावयास एवढा काळ लागला. पर्ल जॅमच्या पूर्वीच्या नावापेक्षा ही गोष्ट माहीत असणे अधिक मोलाचे नाही काय?

इतक्यावर 'अहो, ही करमणूक आहे; एवढे मनावर काय घेता?' असा आक्षेप येईल. करमणूक करमणुकीच्या जागी राहती तर आम्ही लेखणी उचलली नसती. चार मित्र जमून एकमेकांस कोडी घालीत असतील तर त्यांच्या आनंदात विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. परंतु ही कोडी दारावरच्या पहारेकऱ्याचे काम करू लागली आहेत. निर्वानाचे नाव छापलेला सदरा घातलेल्या मुलीस वाटेत थांबवून 'त्यांची तीन गाणी सांग पाहू' असे दरडावणारे तरुण आपण पाहतो. तिला ती सांगता येतात की नाही हा प्रश्नच नव्हे. तिच्या बरोबरीच्या मुलास हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्या दशकात हॅनासारख्या गायिकांनी मुलींस रंगमंचाशी जागा मिळावी म्हणून मार खाल्ला, त्याच दशकाच्या नावावर मुलींस पुन्हा मागे ढकलण्यासाठी परीक्षा घेतली जावी, याहून मोठा विपर्यास कोणता? आणि ज्या पोराने काल प्रथमच एक गाणे ऐकले व ज्याच्या अंगावर काटा आला, त्यास सालाचा व पूर्वीच्या नावांचा सरबत्तीचा मारा करून लाजविले, तर ते पुन्हा आपल्या आनंदाविषयी कोणाजवळ तोंड उघडणार नाही. संगीताचे नुकसान अडाण्यांनी फारसे केलेले नाही. ते असल्या जाणकारांनी अधिक केले आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कोणी म्हणेल, साले आणि नावे यांवाचून इतिहास कसा समजणार? तुम्ही स्वतःच तर या लेखात सालांची रास ओतली आहे! आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. साल हे खुंटीसारखे आहे. तिच्यावर काही टांगावयाचे असेल तरच तिचा उपयोग. नुसत्या खुंट्यांनी भरलेल्या भिंतीस कोणी शोभा म्हणत नाही. १९९३ चा वॉरिंग्टनचा बॉम्ब आणि १९९४ चे गाणे यांची साले जुळवली की कार्यकारण दिसते. म्हणून ती साले हवीत. ज्या सालाच्या मागे 'का' उभा नाही ते पाठ करणे हे पोपटाचे काम.

तिसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकास उभा आहे. तो म्हणतो, संगीत हृदयाने ऐकावे; ज्ञानाची गरजच काय? हा पक्ष दिसावयास उदार असला तरी आळशी आहे. आपल्याकडे बैठकीत सुरांवर डोलणारा श्रोता आणि तिहाई समेवर आल्यावर दाद देणारा श्रोता यांतला फरक सर्वांस कळतो. दुसऱ्याचा आनंद पहिल्यापेक्षा उणा नसतो, अधिक असतो. रॉक संगीतासही असा कान लागतो, आणि तो तयार करता येतो.

तेव्हा परीक्षा घ्यावयाचीच असेल तर ती कानाची घ्यावी. साउंडगार्डनच्या १९९४ सालच्या 'स्पूनमन' या गाण्यात चमचे वाजविणारा रस्त्यावरचा कलावंत कोण, हे विचारण्यापूर्वी मात्रा मोजावयास सांगाव्यात. बहुतेक रॉक गाणी चार मात्रांवर चालतात. या गाण्याची मुख्य चाल सात मात्रांची आहे. आपल्या रूपक तालाची ज्यास सवय आहे अशा आमच्याकडील एखाद्या आजीबाई ते चटकन ओळखतील, आणि नावांचे पंडित बोटे मोजीत बसतील! रेज अगेन्स्ट द मशीनच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत तबकडी घासल्यासारखे जे आवाज येतात ते कोणत्या यंत्राचे, असे विचारावे. उत्तर: यंत्राचे नव्हेत, सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर तीत वापरलेले नाहीत असे बँडने वेष्टनावर छापले होते, आणि ते आवाज टॉम मोरेलोने गिटारीतूनच काढले आहेत. निर्वानाच्या गाण्यांत कडवे हलके आणि ध्रुवपद गर्जना करणारे असे का, असे विचारावे. ही युक्ती आपण पिक्सीज या बँडपासून उचलली हे कोबेनने उघड कबूल केले होते. मग दोन्ही बँडांची गाणी पाठोपाठ लावून साम्य कोठे आणि भेद कोठे हे श्रोत्यास सांगू द्यावे. अशा परीक्षेत बरोबर उत्तरास गुण मिळतीलच, पण चुकीच्या उत्तरासही काही लाभ होईल. कारण ते देण्यासाठी गाणे पुन्हा ऐकावे लागेल.

आणि या परीक्षेत सर्वांत शेवटी एक प्रश्न असावा, ज्याचे उत्तर परीक्षकाजवळ नसेल: या गाण्याने तुम्हांस कोणती गोष्ट प्रथमच दिसली? ज्यास याचे उत्तर देता येत नाही त्याने साले कितीही सांगितली तरी तो या संगीताच्या दाराबाहेरच उभा आहे. ज्यास ते देता येते, मग तो पन्नाशीतला बाप असो की पंधरा वर्षांची मुलगी, त्यास कोणीही अडवू नये, आणि त्याने कोणाची तीन गाणी सांगत बसू नये. घरात हा प्रश्न निघाला तर एका मुद्रिकेवर दोन पिढ्या संध्याकाळ घालवितील. गुणपत्रिका कोणाच्या हाती राहणार नाही, हे आम्ही तिचे वैगुण्य मानीत नाही.